सोमवारचा थर्मास

१

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं म्हणतात. ऋता प्रधानचं घर फिरायला अंबरनाथच्या एका हॉस्पिटलातला एक शब्द पुरला. तो शब्द होता विषबाधा.

तिच्या सासूबाई, शालनबाई, दर सोमवारी बदलापूरहून अंबरनाथच्या शिवमंदिरात जायच्या. समीरला, म्हणजे त्यांच्या मुलाला आणि ऋताच्या नवऱ्याला, सोमवारी सुट्टी असे. तो गाडीने न्यायचा. त्या सोमवारी गाडी देवळापर्यंत पोचलीच नाही. वाटेत समीरने मागे वळून पाहिलं तर आई सीटवर बेशुद्ध पडलेली, शेजारी बेलफुलांची परडी शिगोशीग भरलेली. आधीच्या एका सोमवारी त्यांना उलट्या झाल्या होत्या, पुढच्या सोमवारी भोवळ आली होती. 'उपासाने झालं असेल' म्हणून तेव्हा सगळ्यांनी मनाची समजूत घातली. आता तशी घालता येईना. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, रक्त तपासायला बाहेर पाठवलं आणि तो शब्द उच्चारला.

शब्द ऐकताच प्रीती, शालनबाईंची मुलगी, वळली ती सरळ भावजयीकडे.

"सोमवारी आईचा कडक उपास. दिवसभरात तिच्या पोटात जातं काय? हिने दिलेली थर्मासातली कॉफी! तो थर्मास कुठाय?"

ऋताच्या हातातच होता. सासूबाईंना शुद्धीवर आल्यावर कोमट पाणी लागेल म्हणून तिने तो गाडीतून काढला होता, हॉस्पिटलच्या बेसिनमध्ये ओतून स्वच्छ विसळला होता आणि गरम पाण्याने भरून आणला होता. कोणतीही शहाणी सून हेच करते.

"धुतला," ती म्हणाली.

सासरे चिंतामणी प्रधान भिंतीकडे बघत राहिले. समीरने मान खाली घालून बुटांकडे पाहिलं. प्रीतीने ऋताच्या कडेवरून ओवीला, ऋताच्या दीड वर्षाच्या लेकीला, अक्षरशः ओढून घेतलं.

"ओवी माझ्याकडे राहील, चिखलोलीला. आईला उद्या घरी सोडतायत. तिला घरी पोचवलं की मी पोलिसात जाते. तुला कोर्टातच सांग काय ते."

ओवी आईकडे हात पसरून रडत राहिली. ऋताने थर्मास छातीशी धरला होता, कारण आता धरायला दुसरं काही उरलं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामणींनी स्वतःचा चहा स्वतः केला. पस्तीस वर्षं कंपनीत अधिकारी राहिलेल्या ह्या माणसाने आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता. सुनेच्या हातचं नको म्हणून त्यांनी तीन काड्या वाया घालवल्या आणि दूध उतू घालवलं. ऋता ओट्याशी उभी राहून ते बघत होती. तिला रडूही येत नव्हतं. मोरीतल्या आरशावर सासूबाईंची मरून टिकली चिकटलेली होती. शालनबाईंची ती जुनीच खोड. तोंड धुताना कपाळावरची टिकली काढायची आणि समोर असेल तिथे चिकटवायची. आरशावर, फ्रिजवर, देवघराच्या काचेवर, गाडीतल्या मीटरवर, बाई गेल्या तिथे टिकली ठेवून गेल्या. ऋताला एकदम वाटलं, उद्या आपल्याला ह्या घरातून नेलं तर आपली म्हणून एवढीही खूण मागे राहायची नाही.

दार वाजलं. धर्मराज साळवे आले होते.

अंबरनाथच्या ज्या केमिकल कंपनीत चिंतामणी प्रॉडक्शन बघत, तिथेच साळवे सेफ्टी ऑफिसर होते. कुठे काही फुटलं, गळलं, कोणी भाजलं की चौकशी साळव्यांची. त्यांच्या चौकशीला मॅनेजरपासून सगळे टरकून असत, कारण साळवे कोणाची चूक ते विचारतच नसत. माणूस कुठे उभा होता, एवढंच विचारत बसत. प्रकरण पोलिसात जाण्याआधी एकदा त्यांनी बघावं, म्हणून चिंतामणींनी रात्री त्यांना फोन केला होता.

साळवे खुर्चीत बसले. उतू गेलेल्या दुधाचा वास त्यांना आलाच असणार.

"सूनबाई," ते म्हणाले, "कॉफी टाक. थर्मासात भरतेस तशीच."

चिंतामणी चुळबुळले. ऋताने कॉफी केली. साळव्यांनी सगळ्यांदेखत ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. कप खाली ठेवत ते म्हणाले, "साखर जरा कमी चालेल."

तेव्हा ऋताला रडू आलं.

समीर किल्ली घेऊन निघाला होता. साळव्यांनी त्याला दारातच गाठलं. "समीर, आई गाडीत कुठे बसते?"

"मागे. आडवीच होते बहुतेक. पुढे बसायला तिला भीती वाटते."

"आणि तुला कधी काही झालं नाही?"

"मला? नाही. म्हणजे डोकं जरा..." समीर थांबला. "नाही काका, कायच नाही. उशीर होतोय, चिखलोलीहून ताईला उचलायचंय." तो जवळजवळ पळालाच.

खाली गाडी सुरू झाली. खिडकीच्या काचा थरारल्या. साळव्यांनी कान टवकारले. चिंतामणींना मात्र काही ऐकू गेलं नाही. त्यांच्या कानांचं मातेरं कंपनीतल्या मशिनींनी कधीच केलं होतं.

३

"प्रधानसाहेब, आता खरं बोला," साळवे मोठ्याने म्हणाले. "वहिनींना तुम्ही काय देता?"

चिंतामणींचा चेहरा पडला. ऋता बघतच राहिली. सासऱ्यांनी कपाटातून एक डबी काढली.

"गुडघ्यांसाठी भस्म आहे. एका वैद्याचं. समीर हसतो म्हणून गुपचूप देतो. साळवे, मला काल रात्रभर झोप नाही. माझ्याच हातून तर..."

आणि काल त्याच हातांच्या मालकाने सुनेवरचा आरोप मुकाट ऐकून घेतला होता! ऋताच्या मनात संताप उसळला, पण त्या म्हाताऱ्या, घाबरलेल्या चेहऱ्याकडे बघून तो घशातच राहिला.

साळव्यांनी डबी उघडून हुंगली. त्यांनाही क्षणभर वाटलं, सापडलं. मग त्यांनी विचारलं, "हे रोज देता?"

"रोज सकाळी."

"मग भस्माला वार कळतो का? मंगळवारी का चढत नाही?" त्यांनी डबी बंद करून परत दिली. "हे बंदच करा, पण हे ते नव्हे. सूनबाई, आता तू सांग. तू थर्मास धुतलास. रिकामा होता?"

"नाही. भरलेला."

"किती?"

"गळ्यापर्यंत. मी सकाळी भरला तसाच. सगळी कॉफी बेसिनमध्ये ओतली."

"हे काल कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही, काका. धुतला म्हटल्यावर सगळ्यांचं ठरून गेलं होतं. आणि आज सांगितलं तरी माझ्याच तोंडचं ना ते? कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवतो. तुझ्यावर नाही, परडीवर." साळवे खुर्चीत पुढे सरकले. "बेलफुलांची परडी भरलेली होती. म्हणजे दर्शन झालं नव्हतं. प्रधानसाहेब, वहिनी दर्शनाआधी काही घेतात?"

"शालन? पाण्याचा थेंब नाही! लग्न झाल्यापासूनचा नेम आहे."

बोलून झाल्यावर चिंतामणींना आपण काय बोललो ते कळलं. ते सुनेकडे बघायला धजेनात.

"डॉक्टर नेमकं काय म्हणाले? शब्द सांग," साळवे ऋताला म्हणाले.

"विषबाधा. शरीरात काहीतरी विषारी गेलंय, म्हणाले."

"पोटात म्हणाले?"

ऋताने डोळे मिटून आठवलं. "नाही. शरीरात. पोटात प्रीतीताई म्हणाल्या."

"हं. विषबाधा म्हटलं की आपल्या माणसाची नजर ताटाकडे जाते. लग्नाचं जेवण, शाळेची खिचडी, सुनेची कॉफी. पण विषाला शरीरात शिरायला तोंडच लागतं असं नाही. आमच्या बॉयलरपाशी एक जण पडला होता, दोन दिवसांचा उपाशी. नुसता श्वास घेत होता बिचारा."

४

साळवे हात धुवायला मोरीत गेले आणि आरशावरच्या टिकलीकडे बघत राहिले.

"वहिनींची?"

"हो. सगळीकडे लावतात," ऋता म्हणाली. "गाडीतसुद्धा आहे."

"मागच्या काचेवर?"

"नाही, पुढे. स्टिअरिंगच्या मागे, मीटरवर."

साळवे ओल्या हातांनीच बाहेर आले. "बाई पुढे बसत नाहीत ना?"

ऋताच्या अंगावर काटा आला. रोज बघितलेली गोष्ट ती आज पहिल्यांदा बघत होती. मागच्या सीटवर आडवी होणारी बाई स्टिअरिंगच्या पलीकडे हात घालून टिकली कशाला चिकटवेल? ती तिथे चुकून गेलेली नव्हती. मुद्दाम लावलेली होती.

"प्रधानसाहेब!" साळव्यांनी आवाज चढवला. "रविवारी गाडी तुम्ही चालवता. किल्ली फिरवली की मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. तो लागून विझतो का?"

"पूर्वी विझायचा. हल्ली..." चिंतामणी आठवू लागले. "हल्ली तिथे टिकली आहे. मी काढायला गेलो तर शालन म्हणाली, राहू द्या, सवाष्णीची टिकली आहे, शुभ असते."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," साळवे पुटपुटले. "गाडीचा आवाज कधीपासून बदललाय?"

"दसऱ्यापासून," ऋता म्हणाली. "समीरने उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये नेली होती. सर्व्हिसिंग केलं म्हणाला. तेव्हापासून बुलेटसारखी घुमते. आणि आत मोगऱ्याचं सेंट लटकवलंय."

"आणि वहिनींचा त्रास?"

"दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सोमवार होता. तेव्हापासून."

"सायलेन्सर बदललाय त्याने. बाहेरचा बसवलाय. दिवा ओरडून सांगतोय की धुराच्या वाटेत काहीतरी बिघडलंय. दिव्यावर टिकली, वासावर मोगरा, आणि आवाज बाबांना ऐकू येत नाही! धूर आत येतोय, सूनबाई, मागच्या सीटवर. त्यातला जो खरा मारेकरी वायू आहे त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही."

साळवे पुढेही काही सांगत होते, पण ऋताला ऐकू येईनासं झालं होतं. गाडी आत्ता चिखलोलीहून निघून हॉस्पिटलला पोचली असेल. तिथून निघालीही असेल. उन्हाचा तडाखा अजून ऑक्टोबरसारखाच होता, म्हणजे एसी चालू आणि मागच्या काचा बंद.

"काका," ती म्हणाली, "ओवी मागे झोपते. गाडी सुरू झाली की लगेच झोपते ती."

५

समीरने फोन उचलला नाही. गाडी चालवताना तो उचलत नसे. हा एक नियम तेवढा तो पाळायचा. प्रीतीने ऋताचा नंबर बघून कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. साळव्यांनी आपल्या फोनवरून लावला तेव्हा घंटी वाजत राहिली आणि कोणीच उचललं नाही. ते कट करण्यापेक्षा वाईट होतं.

रिक्षात ऋता पुढे सरकून ड्रायव्हरच्या कानाशी बसली होती. "दादा, जोरात घ्या. पाया पडते."

"घेतूय ना, ताई. पन चिखलोलीला खोदून ठेवलाय रस्ता, सगळा जाम हाय."

जाम होता. दिवाळीच्या खरेदीची गर्दी, डंपर, टेम्पो, सगळं एकमेकांच्या मागे चिकटून उभं. अंबरनाथकडून येणाऱ्या रांगेत आपली गाडी ऋताने आधी ऐकली आणि मग पाहिली. जागच्या जागी उभी राहून ती घुमत होती. समीरची काच चार बोटं खाली होती; आपल्या सायलेन्सरचा आवाज ऐकायला तो ती तशीच ठेवायचा. मागच्या काचा बंद होत्या.

ऋता रिक्षातून उतरली नाही, तिने उडी मारली. डंपरच्या तोंडासमोरून धावत तिने मागचं दार खेचलं. शालनबाईंची मान एका बाजूला कललेली. प्रीती डोळे उघडे ठेवून बसली होती, पण तिला भावजय ओळखू येत होती की नाही, कोण जाणे. तिच्या मांडीवर ओवी. गाल लालचुटुक, हात लुळे.

"ओवी! ए ओवी! बाळा!"

ऋताने तिला बाहेर काढून रस्त्याच्या कडेला नेलं, गालावर चापट्या मारल्या, पाठ चोळली. आजूबाजूचे हॉर्न वाजत होते. त्या आवाजात तिला फक्त एक आवाज हवा होता आणि तोच येत नव्हता. 'माझ्यावर काय आळ घ्यायचा तो घ्या,' ती मनात म्हणत होती, 'मला तुरुंगात घाला, पण हिला रडू द्या.'

ओवीने तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

साळव्यांनी आणि समीरने शालनबाईंना उचलून सावलीत आणलं होतं. प्रीती गाडीला धरून खाली उतरली आणि तिथेच भडाभडा ओकली. "डोकं फुटतंय," ती कण्हली. "सकाळपासून तर काहीच खाल्लं नाही मी..."

ऋता लेकीला छातीशी धरून प्रीतीकडे बघत होती.

"माझी कॉफी प्यायली होतीत का, ताई?"

प्रीती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

६

सगळ्यांना पुन्हा हॉस्पिटलात नेलं. ह्या वेळी साळव्यांनी डॉक्टरांना कोणत्या वायूचा संशय आहे ते सांगितलं आणि रक्ताने त्याला दुजोरा दिला. ऑक्सिजनने सगळे सावरले.

गाडी टेम्पोला बांधून उल्हासनगरला नेली. कॅम्प दोनमधल्या गल्लीत, तो सायलेन्सर बसवणाऱ्या हरेशभाईंनी ती वर उचलली आणि खाली वाकून बघताच कपाळावर हात मारला.

"समीरभाय, मी बोललो होतो ना? कंपनीचा पाईप काढला तर धूर साफ करणारा जाळीचा डबा पण जातो. नव्या पाईपला मागच्या सेन्सरची जागाच नाय, तर लाईट लागणारच. पण तार काढताना फ्लोअरच्या भोकाचं रबर निघालंय, जोडाला नुसता क्लँप मारलाय, शाम को वापस आ, वेल्डिंग करतो, रबर बसवतो. बोललो की नाय?"

"बोलले होते," समीर म्हणाला. "पण बाबा घरी यायच्या आत गाडी उभी करायची होती. त्यांनी सांगितलं होतं, गाडीला हात लावलास तर किल्ली विसर."

साळव्यांनी हरेशभाईंच्या टॉर्चच्या उजेडात सोबत आलेल्या समीरला आणि ऋताला दाखवलं. पुढच्या डाव्या सीटखाली तळाला बांगडीएवढं भोक होतं, त्याच्याच खाली गळका जोड, काजळीने काळा झालेला. "तुझी काच उघडी, समीर. गाडीतली हवा तिथून बाहेर ओढली जायची आणि तिच्या जागी ह्या भोकातून धूर आत यायचा. तू ताज्या हवेशी, आणि आई बरोबर भोकाच्या मागे. म्हणून तुझं नुसतं डोकं दुखायचं."

ऋता पुढे झाली. "दर सोमवारी दुखायचं?" तिने विचारलं.

समीरने मान डोलावली.

"तू तर माझी कॉफी पीत नव्हतास. तुला माहीत होतं की काहीही न पिता तुझं डोकं दुखतंय. ताई मला खुनी म्हणत होत्या तेव्हा एवढं एक वाक्य तुला बोलता आलं नाही?"

"बोललो असतो तर सायलेन्सरचं निघालं असतं," समीर कसाबसा म्हणाला. "मला वाटलं, नंतर..."

चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तेव्हा चोर तिथेच कुठेतरी मान खाली घालून उभा असतो, आणि पुष्कळदा तो घरातलाच असतो.

टिकलीचं घरी आल्यावर शालनबाईंनी स्वतः सांगितलं. दसऱ्याच्या संध्याकाळी समीरने त्यांना तो दिवा दाखवला होता. आई, हा बाबांच्या नजरेला पडला तर माझं काही खरं नाही, म्हणाला. बापलेकांत सणासुदीला पुन्हा वाजू नये म्हणून त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांना वाटलं होतं.

"मला काय ठाऊक, तो माझ्यासाठीच पेटलाय," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्या ऋताकडे बघत नव्हत्या.

पुढच्या सोमवारी ऋताने थर्मास भरला नाही. पहाटे उठली, दूध तापवलं, थर्मासाला हात लावला आणि तिचे हात पुढे चालेनात. तिने तो फळीवर मागे सरकवून ठेवला.

शालनबाई अंघोळ करून, परडी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. त्या रिक्षाने जाणार होत्या. चिंतामणी बाहेर पेपर घेऊन बसले होते. प्रीती मुद्दाम चिखलोलीहून आली होती. ओवीला खेळवत होती, पण ऋताशी काय बोलावं हे तिला अजून सुचलेलं नव्हतं. समीर गॅलरीत उभा होता.

"थर्मास कुठाय?" शालनबाईंनी विचारलं.

"आज नाही भरला, आई."

"भर."

ऋताने भरला. शालनबाईंनी तो परडीशेजारी ठेवला नाही. तो घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या, सगळ्यांच्या मधोमध बसल्या आणि झाकणात कॉफी ओतली.

"अगं, दर्शन व्हायचंय," चिंतामणी चपापून म्हणाले.

"देव थांबेल," शालनबाई म्हणाल्या. लग्नापासूनचा नेम मोडत त्यांनी पहिला घोट घेतला, मग दुसरा, आणि थर्मास रिकामा होईपर्यंत त्या पीत राहिल्या. मग त्यांनी तो सुनेच्या हातात दिला.

ऋता तो धुवायला निघाली, तर प्रीती उठली आणि तिने तो तिच्या हातातून घेतला.